मागच्या खोलीतला पलंग

४ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

या परक्या देशात येऊन आठ दिवस झाले. रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "कशी आहेस?" आणि मी म्हटलं, "मजेत." ते फारसं मनावर घेऊ नका. चिरंजीव माझ्या खांद्याशी फोन धरून उभा होता, आणि ज्याच्या घरी राहायचं त्याच्यासमोर माणूस मजेतच असतं. आपलं ठरलंय तसं, फोनवर हवापाणी आणि पत्रात खरं. पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला मी पत्र लिहायचा आळस केला, तर ती मला परत घरात घेणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

तर खरं असं. घर छान आहे, स्वच्छ आहे, आणि इतकं शांत की मी कप बशीत ठेवला तरी दोघं वळून बघतात. यंत्रं तेवढी आवाज करतात. भांडी घासून झाली की शिटी, कपडे वाळले की शिटी, आणि कुणी उठलं नाही की पुन्हा शिटी. या घरात हट्ट करायची परवानगी फक्त त्यांना आहे. चिरंजीव एका खोलीत बसून नोकरी करतो, सूनबाई शेजारच्या खोलीत. मध्ये एक भिंत. परवा तिने त्याला फोनवर लिहून विचारलं, चहा हवा का, त्याने फोनवर लिहून हो म्हटलं, मग तिने नेऊन दिला. वसतिगृहात आमच्या मुली भिंतीवर टकटक करायच्या, ते लवकर व्हायचं.

कचऱ्याचे चार डबे आहेत आणि फ्रिजवर त्यांचा तक्ता आहे. माझ्या वसतिगृहाच्या नियमावलीत सव्वीस कलमं होती, यात एकतीस आहेत. मी चहाची पिशवी चुकीच्या डब्यात टाकली. चिरंजीव कामावरून उठला. बाही वर केली, पिशवी काढली, चोथा एकीकडे, दोरा एकीकडे, कागद एकीकडे, आणि हात धुऊन पुन्हा कामाला बसला. लहानपणी ज्याच्या दप्तरातून मी केळ्याची महिनाभर जुनी साल काढली होती, तोच हा.

आता मुद्द्याचं. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते, एकाही मुलीला "काय झालं गं" म्हणून विचारलं नाही. विचारलं की मुली खोटं सांगतात. खोली खोटं सांगत नाही. उशी, केराची टोपली आणि दोरीवरचे कपडे बघितले की कोण घरच्या आठवणीने रडतंय आणि कोण नापास होणार, ते मला कळायचं. तीच नजर मी इथे लावली. मागच्या अंगाला एक खोली आहे, एकही पायरी न चढता जाता येते. तिला नवा रंग चाललाय, फिकट पिवळा. तिच्या बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय, अजून वरचं प्लास्टिक निघालेलं नाही. आणि मी त्या बाजूला वळले की दोघं बोलायची थांबतात.

वन्सं, ती खोली माझ्यासाठी आहे. ही दोघं मला कायमची ठेवून घेणार. सध्या मी पुढच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी सोफ्यावर झोपते, ते रंग वाळेपर्यंत असणार. अजून विचारलेलं नाही, धीर गोळा करत असतील. माझं तिकीट तीस जूनचं, त्याच्या आत विचारतीलच. मी नाही म्हणणार हे तर उघड आहे. फक्त मुलांचं मन न मोडता कसं म्हणायचं, त्याची तयारी करते आहे.

तुमची,
वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. पाकीट जाड, तिकीट कमी. कमी तिकिटाचा दंड घेणाऱ्याने भरायचा असतो, तोही दुप्पट, आणि तो मी भरला. काउंटरवर माझ्याच हाताखाली तयार झालेली बाई होती. "मॅडम, तुमच्या घरचं पत्र, आणि तिकीट कमी?" म्हणाली. एकतीस वर्षांची अब्रू तू एका पाकिटात घालवलीस.

खोली रंगवतायत तर रंगवू देत. माणसं खोल्या रंगवतात. पण तू रेक्टर आहेस, तुझा अंदाज सहसा चुकत नाही हे मला कबूल आहे. दादा गेल्यावर मी महिन्याभरासाठी म्हणून तुझ्याकडे आले, तेव्हा माझ्या बॅगेत बारा साड्या बघून तूच म्हणाली होतीस, "वन्सं, तुम्ही राहणार आहात." त्याला आता सहा वर्षं झाली.

मात्र एक वाक्य मला खटकलं. "मी नाही म्हणणार हे तर उघड आहे." कुणाला उघड आहे? तुझा एकुलता एक मुलगा, त्याचं घर, बिनपायरीची खोली. विचार कर. मी मध्ये पडणार नाही.

इथे सगळं ठीक आहे. रेडिओ मला हवा तेवढा मोठा लावते, कुणी येऊन कान पिळत नाही, म्हणजे रेडिओचा. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड कंडक्टर रोज जिन्यात विचारतात, "वहिनी कधी येणार?" मी तारीख सांगते. परवा म्हणाले, "तिकडे गेलेल्या लोकांच्या तारखा बदलतात हो." मी म्हटलं, तुमच्या बसच्या बदलत असतील. त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तुझी नणंद
(वयाने दीड वर्ष लहान, मानाने मोठी)

२५ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

दंडाबद्दल क्षमा. या वेळी पाकीट वजन करून टाकते आहे.

पुरावे वाढत चाललेत. मंगळवारी पलंग आला. नेहमीपेक्षा बुटका, पाय जमिनीला टेकतील असा. चिरंजीवाने तो स्वतः जोडला. सोबत आलेल्या कागदावर बावीस चित्रं होती, एकही शब्द नव्हता. शेवटी तीन स्क्रू उरले. ते त्याने खिशात टाकले आणि म्हणाला, "हे जास्तीचेच देतात." त्याचे वडील घरातली घड्याळं दुरुस्त करायचे तेव्हा हेच म्हणायचे, आणि नंतर आम्ही वेळ कंडक्टरांना विचारायचो.

मग सूनबाई मला हाक मारायला आली. "आई, जरा बसून बघता?" मी बसले. "आता आडव्या व्हा. उठताना गुडघा दुखतो? हात कुठे टेकवावासा वाटतो?" मी दाखवलं. तिने भिंतीवर तिथे पेन्सिलने खूण केली. बाथरूममध्येही मला उभं करून दांडीची उंची पक्की केली. उशाशी घंटीचं बटण बसवायचं होतं, ते माझा हात पुरतो का बघून बसवलं. वन्सं, सुनेने सासूचं एवढं माप घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं रंगाच्या वासाने आलं, तिने खिडकी उघडली.

आता नाही म्हणणं आणखी अवघड झालं. मी भाषण लिहून काढलंय. तुम्ही नजरेखालून घाला.

"बाळांनो, तुमच्या मनात काय आहे ते मी ओळखलं आहे. आईवर एवढा जीव लावणारी मुलं हल्ली बघायला मिळत नाहीत. पण पिकल्या पानाने नव्या फांदीला भार होऊ नये. शिवाय घरी तुमची आत्या आहे. तिला गॅसचं सिलिंडरसुद्धा बदलता येत नाही. तिला एकटीला टाकून मी राहू शकत नाही. तेव्हा मला हसत निरोप द्या."

कसं वाटतं? मी आंघोळीच्या वेळी पाठ करते. शॉवरच्या आवाजात बाहेर ऐकू जात नाही.

तुमची,
वहिनी

६ मे

वहिनी,

भाषण वाचलं. दुरुस्त्या अशा.

"पिकलं पान" काढ. तू अडुसष्ट वर्षांची आहेस आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर अजून भांडतेस. "हल्ली बघायला मिळत नाहीत" काढ, ते सत्काराच्या भाषणात असतं. "हसत निरोप" काढ. ते वाचून मला रडू आलं, आणि मी रडत नाही.

आणि मला काढ. मी काय सुटकेस आहे, की टाकून येता येत नाही? सिलिंडर तू गेल्यापासून एक बदललाय. वास आला नाही, स्फोट झाला नाही. उद्या तिथे राहायची तुझी इच्छा झाली आणि माझ्यामुळे तू परत आलीस, तर आयुष्यभर तू मला ते ऐकवणार नाहीस. तू तशी नाहीस. तू नुसती माझ्याकडे बघशील, आणि ते मला सोसणार नाही.

म्हणून मी सोय केली आहे. आतल्या खोलीत दोन मुली पेइंग गेस्ट म्हणून ठेवल्यात. एक उंच, बँकेत नव्याने लागलेली. दुसरी बुटकी, नर्सिंगला आहे. दोघी गुणी आहेत. घर भरलेलं वाटतं. रविवारी दुपारी तुमचा फोन येतो तेव्हा त्या बाहेर असतात, त्यामुळे तुला दिसणार नाहीत.

तेव्हा तू माझी काळजी सोड आणि ते विचारतील तेव्हा स्वतःच्या मनाने काय ते सांग.

तुझी नणंद

१७ मे

वन्सं, नमस्कार.

मुली ठेवल्यात ते छान केलंत. माझी खोली रिकामी ठेवून तरी काय उपयोग होता. मला आनंद झाला.

मुलींना काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, म्हणजे पुढे त्रास होत नाही. चादर रोज सकाळी झटकायची आणि चारही कोपरे गादीखाली दाबायचे. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही. बाहेरून येताना नऊच्या आत. कपाटाचा खालचा खण माझा आहे, त्यात माझी जुनी पत्रं आहेत. तो उघडू देऊ नका. किंवा जागा कमी पडत असेल तर उघडा. आता काय.

इकडे अजून विचारलेलं नाही, पण दिवस जवळ आलाय. काल चिरंजीवाने मला विचारलं, "आई, वय झालेल्या माणसाला वाचायला किती उजेड लागतो?" मी म्हटलं, भरपूर. तो जाऊन मोठा दिवा घेऊन आला. स्वतःच्या आईला "वय झालेलं माणूस" म्हणायला त्याला किती जड गेलं असेल.

मी भाषणातून तुम्हाला काढलं. मग पान काढलं, निरोप काढला. बघितलं तर नकाराला कारणच उरलं नाही. वन्सं, मी अगदी स्पष्ट सांगते, मला इथे करमत नाही. दुपारी रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवतात, आम्ही तिघं एकमेकांना मान हलवतो, आणि तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं. पण जिथे आपली वाट बघतात तिथे माणसाने राहावं. इथे माझ्यासाठी खोली रंगवली आहे. तिथे माझी खोली भरली आहे. यातलं काय समजायचं ते मला समजतं.

म्हणून हो म्हणायचं ठरवते आहे. काही अटी घालीन.

तुमची,
वहिनी

२७ मे

वहिनी,

मुलींना तुझे नियम वाचून दाखवले. दोघींनी लगेच मान्य केले. रोज चादरीचे कोपरे दाबतात. ओला टॉवेल बाल्कनीत. नऊची वेळ सांगितली तर साडेआठलाच येतात. उंच तर म्हणाली, "नियम असलेलं घर मला आवडतं." तुझा खण कुणी उघडलेला नाही.

तू हो म्हणायचं ठरवलंस, चांगलं केलंस. मला आनंद झाला. मी अगदी मजेत आहे. सकाळी उठते, दोन कप चहा होतो, सवयीने, एक ओतून देते. मग पेपर. शब्दकोडं आता पूर्ण सुटत नाही, उभे शब्द तू सोडवायचीस. पण त्याचं काही नाही, मुलींना विचारीन.

कंडक्टरांनी विचारणं बंद केलंय.

अटी घालशील त्यात रेडिओ घाल. त्या शांत घरात तुला रेडिओ लागेल.

तुझी नणंद

१२ जून

वन्सं, नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. पहिल्या दोन वेळा तुकडे कोणत्या डब्यात जातात ते तक्त्यात बघावं लागलं, तिसऱ्यांदा पाठ झालं.

मंगळवारी संध्याकाळी जेवणं झाली. मला वाटलं, बिचारी मुलं कुठवर धीर गोळा करतील, आपणच वाट मोकळी करून द्यावी. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "तुमच्या मनातलं मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी राहीन. माझ्या तीन अटी आहेत. माझी स्वतःची चहाची किटली हवी. सकाळी सात ते आठ मी रेडिओ लावणार. आणि माझा कचरा मी एकाच डब्यात टाकणार."

 चिरंजीव मागच्या खोलीकडे बघायला लागला, मग छताकडे. सूनबाईच्या हातातला चमचा तसाच वर राहिला. मग तिनेच तो खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, ती खोली माझ्या आईसाठी आहे."

तिची आई पुढच्या महिन्यात कायमची येते आहे. हिवाळ्यात पडल्यापासून विहीणबाईंना एकट्याने जमत नाही. "तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला वाटेल, सासूला सोफा आणि आईला खोली." मी म्हटलं, "छे, मला कशाला वाटेल," आणि मला शब्दन् शब्द तेच वाटत होतं. दोन महिने ती माझं माप घेत होती ते दुसऱ्या बाईसाठी. शिंप्याच्या दुकानातला पुतळा होते मी, वन्सं, आणि पुतळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चिरंजीव म्हणाला, "पण आई, तूही राहा ना. बघू आपण काहीतरी." यंत्रासमोर बसून तो साहेबांना ज्या आवाजात "नक्की, बघतो" म्हणतो, तोच आवाज होता. मी म्हटलं, मी गंमत केली. कुणी हसलं नाही. तेवढ्यात भांड्यांच्या यंत्राने शिटी वाजवली आणि आम्ही तिघंही एकदम उठलो. त्या यंत्राबद्दल मी जे काही लिहिलं असेल ते मागे घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबे बाहेर काढत होता. मी एक उचलून मागे गेले. म्हणाला, "आई, तुला खरंच राहायचं होतं?"

"नाही."

"मग?"

"तू विचारायला हवं होतंस."

"तू नाहीच म्हणणार होतीस. आत्या आहे ना तिकडे. मला माहीतच होतं."

"मलाही माहीत होतं. तरी विचारायचं असतं."

तो डब्याचं झाकण उघडून बंद करत राहिला. मग म्हणाला, "आई, आपल्या घरात कुणी कधी काही विचारलंय का? मी सायकलवरून पडलो तेव्हासुद्धा तू विचारलं नाहीस. पँट बघितलीस आणि औषध आणलंस." वन्सं, मला ते आतापर्यंत माझं कौतुक वाटत होतं. तो सांगत होता तेव्हा मात्र तसं ऐकू आलं नाही. मला फार वाईट वाटलं. तिथेच त्याला विचारलं, "तुला इथे कसं वाटतं?" एका वाक्याला तो पाऊण तास उत्तर देत होता. त्या दिवशी तो कामाला उशिरा बसला.

विहीणबाई माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत. माझ्या मापाची दांडी त्यांच्या खांद्याशी आली असती. काल मिस्त्रीला परत बोलावून ती खाली घेतली, घंटीही खाली घेतली. पलंग कुरकुरत होता. चिरंजीवाकडून ते तीन स्क्रू मागून घेतले आणि ज्या जागी हवे होते तिथे बसवले. तसाच कुरकुरत राहिला असता तर ते त्या बाईंना आपल्या वजनामुळे वाटलं असतं.

आता तुमच्याबद्दल. तुमची पत्रं मी काल पुन्हा वाचली, खोली बघावी तशी. चौतीस वर्षांत मी नऊशेच्या वर मुली सांभाळल्या. त्यातली एकही सांगितल्याबरोबर चादरीचे कोपरे दाबणारी नव्हती. नऊची वेळ दिली तर साडेआठला येणारी मुलगी आजारी तरी असते नाहीतर भांडून आलेली असते, आणि तुमच्याकडे अशा दोन आहेत, रोज. घरात तीन बायका आणि सकाळी चहा दोन कप, त्यातलाही एक ओतून देता. आणि गेल्या रविवारी तुमच्या हातातून फोन निसटला तेव्हा क्षणभर आतली खोली दिसली. माझ्या पलंगावर मी निघताना घातलेली चादर होती. चारही कोपरे माझ्या हातचे. ते मी कुठेही ओळखीन.

म्हणजे मुली नाहीत, हे मला कळलं. का नाहीत, आणि तुम्ही त्या का ठेवल्यात, ते अंदाजाने मला सांगता येईल. पण माझ्या अंदाजांचं काय होतं ते तुम्ही वर वाचलंत. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारते. तीस तारखेला मी परत यावं असं तुम्हाला वाटतं का? माझी सोय म्हणून नाही, माझा हक्क म्हणून नाही. तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही एवढंच लिहा.

तुमची,
वहिनी

२३ जून, सोमवार

वहिनी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी उलटटपाली उत्तर पाठवलं असतं तर ते तिथे पोचेपर्यंत तू निघालेली असतीस. एवढा हिशेब मला येतो. म्हणून काल रविवारी फोनवर, बाळ "आत्या, पाऊस कसा आहे" म्हणत असताना मी मध्येच मोठ्याने "हो" म्हणाले. तो म्हणाला, "कशाला हो?" मी म्हटलं, "पाऊस आहे, हो." बाहेर कडक ऊन पडलं होतं आणि ते खिडकीतून त्याला दिसत होतं. तू मात्र चष्मा काढून पुसायला लागलीस. म्हणजे तुला पोचलं.

मुली नव्हत्या. उंच माझ्या ऑफिसात होती एक, तिच्यावरून घेतली. बुटकी मनानेच केली. तू राहायचं ठरवलंस आणि माझ्या काळजीने परत आलीस असं नको होतं मला. तू खरंच हो म्हणणार असं लिहिलंस त्या दिवशी मी तुझ्या पलंगावर जाऊन बसले. चादर चुरगळेल म्हणून लगेच उठले. मला एकटीला राहता येत नाही, वहिनी. सिलिंडर कंडक्टरांनी बदलून दिला. सहा वर्षांपूर्वी बारा साड्या घेऊन आले तेव्हाही मी विचारलं नव्हतं, राहू का म्हणून. तू साड्या मोजल्यास आणि कपाटाचा खण रिकामा करून दिलास. बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते.

कंडक्टरांना तारीख सांगितली. तू विमानतळावरून आगगाडीने येशील, तर ते रिक्षा घेऊन स्टेशनवर येतो म्हणतायत. मी नाही म्हटलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. तुझ्या पलंगावर, उशीला टेकवून ठेवते आहे. एकतीस वर्षं लोकांच्या पाकिटांवर तिकिटं लावली, हे पहिलंच पाकीट बिनतिकिटाचं. नियम तुला आता माहीत आहे, दंड घेणाऱ्याने भरायचा, तोही दुप्पट. तेव्हा पिशव्या खाली ठेव आणि आधी चहा ठेव. दोन कप.

तुझी नणंद